शेतीच्या अनुदानांचा हिशेब जिनिव्हाला कसा जातो? सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस, सोयाबीन, कांदा यांच्या भावाची चर्चा रंगली की कुणीतरी ‘डब्ल्यूटीओ’चं, म्हणजे जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेचं, नाव काढतो आणि मग गाडी थेट अमेरिकेला शिव्या देण्यावर जाते. शिव्या द्यायला आमची हरकत नाही. पण कोणता देश, कोणते आकडे, कुणाला आणि कधी कळवतो, हे आधी माहीत असलं तर शिव्या तरी योग्य पत्त्यावर जातील. कडेगाव, पलूस, वाळवा, कराड, कोरेगाव या भागांतल्या बैठकांत आणि सोसायटीच्या कट्ट्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत.

माझा तीन एकर ऊस. बिल कारखाना देतो. जिनिव्हाशी माझा काय संबंध?

तुमची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा कायद्याने बांधलेला किमान दर, दिल्लीत ठरते आणि तोच दर जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या एका सूत्रात बसवला जातो. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताविरुद्ध साखरेच्या अनुदानांवरून दावे लावले. त्यात एफआरपी मध्यभागी होती. 2018-19 च्या हंगामात गाळलेल्या उसाला टनामागे 138 रुपये 80 पैसे इतकं साहाय्य केंद्राने जाहीर केलं होतं. ते कारखान्याच्या वतीने शेतकऱ्याच्या खात्यात जायचं, पण कारखान्याने निर्यातीचा कोटा पाळला तरच. ते पैसेही त्या दाव्यात आले. म्हणजे तुमच्या पासबुकातली एक ओळ जिनिव्हातल्या निकालपत्रात चर्चेला होती.

निकाल भारताच्या विरोधात गेला; तपशील पुढे येईल. त्यात आणखी एक ठपका होता, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं गेलं नाही: भारताने उसाच्या आणि साखरेच्या मदतीची माहिती वेळच्या वेळी कळवलीच नाही. हे पान मुख्यतः त्या ठपक्याबद्दल आहे.

देशांनी नेमकं काय काय कळवायचं असतं?

संघटनेचे आज 166 सदस्य आहेत. 1 जानेवारी 1995 पासून लागू झालेल्या शेती करारानुसार प्रत्येकाला शेती समितीकडे ठरलेल्या तक्त्यांत माहिती द्यावी लागते. हे तक्ते समितीने जून 1995 मध्ये ठरवले. ढोबळ मानाने त्यांचे तीन गट आहेत. पहिला आयातीचा: कमी शुल्काने किती माल आत येऊ दिला, आयात अचानक वाढल्यावर जादा शुल्क लावलं का. दुसरा देशांतर्गत मदतीचा: कोणत्या पिकाला, कोणत्या योजनेतून, किती. तिसरा निर्यात अनुदानाचा. याशिवाय अन्नधान्याची निर्यात रोखली तर त्याचा वेगळा तक्ता आहे, आणि मदतीची नवी योजना हिशेबातून वगळायची असेल तर तिचा वेगळा.

काही दिलं नसेल तरी ‘काही दिलं नाही’ असं कळवावं लागतं. उलाढाल शून्य असली तरी जीएसटीचं रिटर्न भरावं लागतं, तसंच.

मुदत किती? आणि आपण ती पाळतो का?

देशांतर्गत मदतीचा वार्षिक तक्ता वर्ष संपल्यापासून 90 दिवसांत द्यायचा. ते जमलं नाही तर तात्पुरता तक्ता द्यायचा आणि 120 दिवसांत अंतिम. निर्यात अनुदानाला 30 दिवस. सर्वांत कमी विकसित देशांना देशांतर्गत मदतीची माहिती दोन वर्षांतून एकदा द्यायची मुभा आहे. भारत त्या यादीत नाही.

पाळण्याबद्दल बोलायचं तर भारताने 2004-05 ते 2010-11 या सात वर्षांचा हिशेब सप्टेंबर 2014 मध्ये एकदम दिला. चीनने 2011 ते 2016 ची वर्षं डिसेंबर 2018 मध्ये उरकली. बरेच छोटे देश तर वर्षानुवर्षं काहीच देत नाहीत. तेव्हा उशिराच्या रांगेत आपण एकटे नाही. अलीकडच्या वर्षांत आपला वेग बराच सुधारला आहे, निदान तांदळाच्या बाबतीत तरी, आणि त्यामागे कारण आहे. ते पुढे येईल.

उशीर केला तर दंड होतो?

नाही. एक रुपयासुद्धा नाही.

मग कुणी कशाला वेळेवर देईल?

हाच या व्यवस्थेचा कच्चा दुवा. शेती समितीच्या वर्षातून तीन-चार बैठका होतात. तिथे कोणताही देश दुसऱ्याला प्रश्न विचारू शकतो, आणि प्रश्न-उत्तरं लेखी नोंदली जातात. त्यातून लाज वाटावी एवढीच अपेक्षा. कराराच्या 18 व्या कलमात दुसरंही एक हत्यार आहे: एखाद्या देशाने जे कळवायला हवं होतं ते कळवलं नाही, असं दुसऱ्याला वाटलं तर तो स्वतःच ते समितीपुढे मांडू शकतो. याला आपण प्रतिअहवाल म्हणू. वीस-बावीस वर्षं हे हत्यार जवळजवळ म्यानातच होतं. मे 2018 मध्ये अमेरिकेने भारताच्या गहू-तांदळावर ते काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कापसावर आणि ऑस्ट्रेलियाने उसावर. फेब्रुवारी 2019 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने मिळून डाळींवर. नऊ-दहा महिन्यांत चार, आणि चारही आपल्यावर.

नोव्हेंबर 2018 मध्येच अमेरिका, युरोपीय संघ, जपान आणि आणखी काही देशांनी प्रस्ताव आणला की फार उशीर करणाऱ्याला समित्यांचं अध्यक्षपद नको, जादा वर्गणी घ्या, आणि शेवटी त्याच्यावर ‘निष्क्रिय सदस्य’ असा शिक्का मारा. भारत आणि आफ्रिकी देशांनी 2019 मध्ये लेखी विरोध केला. ज्यांच्याकडे माहिती गोळा करायला माणसं नाहीत त्यांना दंड करून माहिती येणार नाही, असा त्यांचा मुद्दा. तो आफ्रिकेतल्या एखाद्या छोट्या देशासाठी शंभर टक्के पटतो. भारतासाठी मात्र अर्धाच पटतो. आपल्याकडे आकडेवारीची खाती कमी नाहीत; त्यांचं एकमेकांशी बोलणं कमी आहे.

ग्रीन बॉक्स, अंबर बॉक्स हे काय प्रकरण?

मदतीचे कप्पे आहेत. ग्रीन बॉक्स म्हणजे पिकाशी आणि भावाशी थेट न जोडलेली मदत: संशोधन, कृषी विस्तार, दुष्काळातली मदत, रोगनियंत्रण. यावर मर्यादा नाही. ब्लू बॉक्स म्हणजे उत्पादन मर्यादित ठेवण्याच्या अटीवर दिलेले पैसे. आपल्याकडे त्याचा उपयोग नाही. अंबर बॉक्स म्हणजे भावाला किंवा उत्पादनाला थेट टेकू. यावर मर्यादा आहे: विकसनशील देशाला त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्के, विकसित देशाला 5 टक्के, आणि चीनने आत येताना कबूल केलेले 8.5 टक्के. शिवाय 1995 च्या आधी ज्यांची अनुदानं मोठी होती त्यांना त्यावर वेगळी परवानगी मिळाली. अमेरिकेला वर्षाला 19.1 अब्ज डॉलर, युरोपीय संघाला 72 अब्ज युरोंच्या वर. आधी जास्त देत होते म्हणून पुढेही जास्त द्यायची मुभा! भारतासारख्यांना त्या खात्यात शून्य.

चौथा कप्पा फक्त विकसनशील देशांसाठी आहे, कलम 6.2 चा. आपल्या कामाचा तोच.

युरिया, शेतीपंपाची वीज, ठिबक यांचं अनुदान कुठल्या कप्प्यात जातं?

खत, वीज आणि पाणी यांवरची सवलत भारत कलम 6.2 मध्ये दाखवतो. अल्प उत्पन्न किंवा कमी साधनं असलेल्या शेतकऱ्यांना दिलेलं निविष्ठांचं अनुदान आणि शेतीतल्या गुंतवणुकीला दिलेलं अनुदान तिथे बसतं, आणि त्याला मर्यादा नाही. ठिबक दुसऱ्या प्रकारात मोडतं.

आता ‘अल्प उत्पन्न किंवा कमी साधनं’ म्हणजे कोण, हे करारात लिहिलेलं नाही. भारताने रेघ ओढली 10 हेक्टरवर. त्यामुळे 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातली 99.43 टक्के खाती त्यात बसतात. 10 हेक्टर म्हणजे 25 एकर. ताकारी किंवा टेंभूच्या पाण्याखाली 25 एकर बागायत असलेल्या माणसाला आपल्या गावात कुणी गरीब म्हणत नाही, पण जिनिव्हाच्या तक्त्यात तो गरीब आहे. आटपाडी-जतच्या कोरडवाहू 25 एकरवाल्याचं दुखणं वेगळं, हेही खरं. दुसरे देश यावर समितीत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारतात. उत्तर देताना आपण कृषिगणनेचा आकडा पुढे करतो. नियमाने यात चूक काही नाही. पण हीच रेघ कोरडवाहू आणि बागायत वेगळी करून ओढली असती तर ती ठामपणे सांगता आली असती, असं आमचं मत आहे.

राज्याचा खर्चसुद्धा यात यावा लागतो. केंद्र आणि राज्य दोन्ही स्तरांवरची मदत मोजायची, असं करारातच आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना महाराष्ट्राने 2024 पासून वीजबिल माफ केलं. तो आकडा मुंबईहून दिल्लीला गेला तरच पुढे जिनिव्हाला जाणार.

सरकार उसाला एक पैसा देत नाही, एफआरपी कारखाना देतो. मग ते अनुदान कसं?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न. तो चुकीचा नाही, कारण भारत सरकारनेही जिनिव्हात हाच युक्तिवाद केला.

करारात ‘बाजारभाव आधार’ नावाची गोष्ट आहे. सरकारने तिजोरीतून पैसे दिले का, हे ती पाहत नाही. तिचं सूत्र असं: सरकारने ठरवलेला भाव घ्या, त्यातून 1986 ते 1988 या काळातला ठरवून ठेवलेला संदर्भ भाव वजा करा, आणि जो फरक येईल त्याला तो भाव मिळायला पात्र असलेल्या सगळ्या मालाने गुणा. आलेला आकडा म्हणजे अनुदान. साखरेच्या दाव्यांवरच्या 14 डिसेंबर 2021 च्या निकालात संघटनेच्या लवादाने सांगितलं की भाव कायद्याने बांधून दिला असेल तर पैसे कुणी दिले याने फरक पडत नाही. सरकारने स्वतः खरेदी करायची गरज नाही.

आता आकडे घाला. 2018-19 ची एफआरपी 10 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला 275, म्हणजे टनाला 2750 रुपये. संदर्भ भाव 1986-88 चा, टनाला दोनशे रुपयांच्याही आतला. एका टनापुरता हिशेब केला तरी फरक 2550 च्या वर, म्हणजे उसाच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त. मर्यादा 10 टक्के. लवादाने 2014-15 ते 2018-19 अशी पाच वर्षं भारताने मर्यादा ओलांडली असं ठरवलं, त्यात आश्चर्य काही नाही. या सूत्रात घातल्यावर ती कुठल्याही वर्षी ओलांडलेलीच निघणार.

आमचं मत स्पष्ट आहे: हे सूत्र अन्यायाचं आहे. जवळजवळ चार दशकांपूर्वीच्या भावाशी आजचा भाव ताडून पाहणं म्हणजे महागाईलाच अनुदान म्हणणं. करारातल्या 18.4 कलमात ‘अति महागाईचा विचार करावा’ असं एक वाक्य आहे, पण त्याचा हिशेब कसा करायचा हे ठरलेलं नाही. जी लढाई लढायची ती इथे आहे.

मग त्या निकालाचं झालं काय? एफआरपी तर वाढतच गेली.

भारताने अपील केलं. अपील ऐकणारी समिती डिसेंबर 2019 पासून बंद पडलेली आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. त्यामुळे निकाल लागू झाला नाही आणि रद्दही झाला नाही. एफआरपी 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये आहे. कागदावर आपण अडकलेले, व्यवहारात मोकळे.

ऊस कळवला नव्हता म्हणजे नेमकं किती वर्षं?

लवादाच्या निष्कर्षानुसार ऊस आणि साखरेच्या देशांतर्गत मदतीची माहिती 1995-96 नंतर दिली गेली नाही, आणि साखरेच्या निर्यात अनुदानाची 2009-10 नंतर. सरकारची भूमिका होती की असा आधार आपण देतच नाही, मग कळवायचं काय.

खरे आकडे दिले तर आपल्यावरच केस होणार. गप्प बसणं शहाणपणाचं नाही का?

कारखान्याच्या वार्षिक सभेतसुद्धा आम्हाला हा प्रश्न विचारला गेला आहे, तेव्हा जरा सविस्तर.

उसाच्या बाबतीत आपण गप्प बसलो. केस टळली का? ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर 2018 मध्ये स्वतः गणित मांडलं, आणि चार महिन्यांत दावे लागले. आपण आपला आकडा दिला नसल्यामुळे टेबलावर फक्त त्यांचाच आकडा होता. सूत्र तेच राहिलं असतं, निकालही कदाचित तोच आला असता. पण कुठलं चलन, किती ऊस पात्र, महागाईचं काय, या प्रत्येक गोष्टीवरची आपली मांडणी वर्षानुवर्षं नोंदलेली असती. वाद सुरू झाल्यावर मांडलेली गोष्ट पळवाट वाटते. वीस वर्षं दरवर्षी लिहिलेली गोष्ट भूमिका ठरते.

आता तांदूळ पाहा. बाली इथे डिसेंबर 2013 मध्ये ठरलं की अन्नसुरक्षेसाठी धान्य साठवणाऱ्या विकसनशील देशाने 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडली तरी त्याच्यावर दावा लावायचा नाही. याला शांतता कलम म्हणतात. पण अट अशी की त्या देशाचे अहवाल अद्ययावत हवेत, आणि मर्यादा ओलांडली हे त्याने स्वतः कळवायला हवं. भारताने 2018-19 साठी कळवलं: तांदळाचं उत्पादनमूल्य 43.67 अब्ज डॉलर, मदत 5 अब्ज डॉलर. म्हणजे मर्यादा ओलांडली. पुढच्या वर्षी 46.07 अब्जांवर 6.31 अब्ज. हे कलम वापरणारा भारत पहिला देश. त्यानंतर प्रश्नांचा भडिमार झाला, आजही होतो, पण तांदळाच्या भावावरून भारतावर दावा लागलेला नाही. अहवाल वेळेवर देण्याचा वेग का वाढला, याचं उत्तर हेच.

शांतता कलम उसाला लागू नाही. ते सरकारी साठ्याच्या पारंपरिक अन्नधान्यांसाठी आहे, आणि तेही 7 डिसेंबर 2013 ला चालू असलेल्या योजनांसाठी. तरीही ज्याने मोजून सांगितलं त्याला आडोसा मिळाला आणि जे सांगितलं नाही ते उघड्यावर राहिलं, एवढं तरी दोन पिकांच्या अनुभवातून दिसतं.

एकाच पिकाचे दोन देश वेगळे आकडे कसे काय सांगतात?

तांदूळच घ्या. अमेरिकेच्या मे 2018 च्या प्रतिअहवालात 2010-11 ते 2013-14 या काळात भारताची तांदळाची मदत उत्पादनमूल्याच्या 74 ते 84 टक्के निघते. भारताच्या स्वतःच्या अहवालात त्याच वर्षांत ती 10 टक्क्यांच्या आत आहे. पीक तेच, शेतकरी तेच. फरक दोन जागी आहे. अमेरिका रुपयात हिशेब करते, भारत डॉलरमध्ये. 1986-88 नंतर रुपया एवढा घसरला की डॉलरमधल्या हिशेबात महागाईचा बराचसा भाग आपोआप गळून जातो. दुसरं, अमेरिका देशातला सगळा तांदूळ पात्र धरते, भारत फक्त सरकारने खरेदी केलेला. कुणी खोटं बोलत नाही. तक्ता भरण्याच्या रीतीच सैल आहेत.

अमेरिका आणि युरोप आपल्याला शिकवतात, त्यांचं काय?

त्यांचे अहवाल जास्त नियमित असतात, हे मान्य करावं लागतं. निर्मळ असतात असं नाही. चीनशी शुल्कयुद्ध पेटल्यावर अमेरिकेने 2018 मध्ये 12 अब्ज आणि 2019 मध्ये 16 अब्ज डॉलरपर्यंतची मदत आपल्या शेतकऱ्यांना जाहीर केली. सोयाबीनवाल्यांचा त्यात मोठा वाटा. समितीत इतर देशांनी त्यावर सडकून प्रश्न विचारले, भारतानेही. हा समितीचा खरा उपयोग: मोठ्यालाही लेखी उत्तर द्यावं लागतं. आपल्या वाशिम-लातूरच्याच नव्हे, वाळवा-कराडच्या सोयाबीनवाल्यानेही तो तपशील वाचण्यासारखा आहे.

कांद्याची निर्यातबंदी रातोरात येते. ती कळवावी लागत नाही का?

लागते. अन्नमालाच्या निर्यातीवर बंदी घालायची असेल तर शक्य तितक्या लवकर, आगाऊ, बंदीचं स्वरूप आणि कालावधीसह लेखी कळवायचं, असं कलम 12 सांगतं. विकसनशील देशांना सूट आहे, पण तो देश त्या मालाचा निव्वळ निर्यातदार असेल तर सूट नाही. कांद्यात भारत निव्वळ निर्यातदार आहे.

प्रत्यक्षात ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, 8 डिसेंबर 2023 ला बंदी आली, मे 2024 मध्ये ती उठली ती पुन्हा शुल्क आणि किमान निर्यातमूल्य मागे लावूनच. निर्यातशुल्क या कलमात येत नाही, बंदी येते. दिल्लीत आदेश निघतो आणि दुसऱ्या सकाळी लोणंदच्या बाजारात वक्कल फोडताना व्यापारी बोली आखडता घेतो. आगाऊ सूचनेचा नियम परदेशातल्या खरेदीदारासाठी लिहिला आहे. तो नीट पाळला तर फलटण-खटावच्या कांदेवाल्यालाही चार दिवस मिळतील. या एका नियमात आपलं आणि बांगलादेशच्या आयातदाराचं हित एकच आहे. आपल्या संघटनांनी ही मागणी कधी लावून धरल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

सोयाबीन तेलाचं शुल्क वर-खाली होतं, ते?

कच्च्या सोयाबीन तेलावर भारताने 45 टक्क्यांच्या वर शुल्क न लावण्याचं बंधन घेतलं आहे. त्याच्या आत कितीही हलवा, आगाऊ कळवायची गरज नाही. सप्टेंबर 2024 मध्ये मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, मे 2025 च्या अखेरीस 20 वरून 10. पेरणीच्या तोंडावर. वार्षिक शुल्क-माहितीत हे बदल जातात, पण तोवर हंगाम संपलेला असतो.

हळद, बेदाणा, द्राक्षं यांचं काय?

यांना हमीभाव नाही, त्यामुळे बाजारभाव आधाराचं सूत्र लागत नाही. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याचाही अनुदानाशी संबंध नाही. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी 2025 मध्ये निजामाबादला सुरू झालं (सांगलीला का नाही, हा प्रश्न या पानाच्या कक्षेबाहेरचा, पण आहेच). त्याने संशोधन आणि प्रशिक्षणावर खर्च केला तर तो ग्रीन बॉक्समध्ये.

काही अहवालांत भारतीय शेतकऱ्याला अनुदान उणे मिळतं म्हणतात. खरं कुठलं?

ते पॅरिसच्या ओईसीडी या संस्थेचं मोजमाप. ती दरवर्षी देशोदेशीच्या शेतीधोरणांचा आढावा काढते. तिच्या पद्धतीत देशातला भाव आजच्या जागतिक भावाशी ताडतात, 1986-88 च्या नव्हे. निर्यातबंद्या आणि साठामर्यादांमुळे आपल्याकडचे भाव जागतिक भावाच्या खाली दबतात. खत-विजेवर दिलेलं त्यात मिळवलं तरी बाकी उणे राहते. म्हणजे त्याच शेतकऱ्याला जिनिव्हाचं सूत्र लाडावलेला ठरवतं आणि पॅरिसचं सूत्र लुटलेला. आमच्या अनुभवाला दुसरं जास्त जवळचं वाटतं.

म्हणूनच निर्यातबंदीसारख्या उलट्या ओझ्याचाही हिशेब शेती समितीच्या तक्त्यात यावा, असं आम्हाला वाटतं. आज शेतकऱ्याला दिलेलं मोजतात, त्याच्याकडून काढून घेतलेलं बहुतेक मोजलंच जात नाही.

हे आकडे मुळात येतात कुठून?

वरून खाली पाहिलं तर जिनिव्हातलं भारताचं कार्यालय, दिल्लीतलं वाणिज्य मंत्रालय, कृषी मंत्रालय, राज्याचं कृषी खातं, जिल्हा, तालुका, आणि शेवटी तुमच्या शिवारातला पीक कापणी प्रयोग. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पीक नोंदवतो. उत्पादनमूल्य म्हणजे मर्यादेच्या 10 टक्क्यांचा पाया. क्षेत्राची नोंद कमी झाली तर उत्पादनमूल्य कमी, आणि मर्यादाही कमी. बांधावर न जाता केलेली पाहणी तिथवर पोचते.

सुधारणा व्हायला काय करावं लागेल?

जिनिव्हात बरंच काही झालं आहे: माहिती संगणकावरून भरता येते, जुने अहवाल शोधता येतात, गरीब देशांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळतं. राहिलेलं काम अवघड आहे, कारण ते तांत्रिक कमी आणि राजकीय जास्त आहे. उत्पादनमूल्य प्रत्येक पिकाचं, प्रत्येक वर्षी, सगळ्यांनी द्यावं, श्रीमंत देशांनीसुद्धा. चलन आणि पात्र माल यांची व्याख्या एकदाची ठरावी, म्हणजे एकाच तांदळाचे 10 आणि 80 असे दोन टक्के निघणार नाहीत. प्रश्नाला उत्तर देण्याची मुदत असावी. आणि 1986-88 हटवावं. शेवटच्या मुद्द्यावर श्रीमंत देश हलत नाहीत, पहिल्या दोनांवर आपण फारसे उत्साही नसतो. दोन्ही बाजूंनी काही सोडल्याशिवाय यात गती येणार नाही.

दिल्ली आणि मुंबईसाठी एक साधी सूचना: शेतीची प्रत्येक योजना मंजूर होतानाच तिच्या कागदावर ती कुठल्या कप्प्यात बसते हे लिहावं. पाच वर्षांनी जुन्या फायली धुंडाळून तक्ता भरण्यापेक्षा ते सोपं. आणि जिनिव्हाला दिलेला अहवाल त्याच दिवशी देशातही, मराठीसह, जाहीर करावा. आज तुमच्या उसाबद्दल तुमच्या सरकारने काय सांगितलं, हे ब्राझीलच्या कारखानदाराला तुमच्या आधी कळतं.

हे अहवाल सामान्य माणसाला पाहता येतात?

येतात, फुकट. संघटनेच्या संकेतस्थळावर शेती समितीचे कागद खुले आहेत. भारताच्या अहवालांचा क्रमांक ‘जी/एजी/एन/आयएनडी’ या अक्षरांनी सुरू होतो. समितीतल्या प्रश्नोत्तरांचा वेगळा साठाही आहे. त्यात भारत असा शोध घेतला की ऊस, तांदूळ, डाळी यांवर कुणी काय विचारलं ते दिसतं. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश. घरातल्या कॉलेजच्या मुलीला-मुलाला बसवा. आकडे समजायला इंग्रजी फार लागत नाही.

या दबावामुळे उद्या सरकार एफआरपी कमी करेल का?

तसं काही दिसत नाही. निकालानंतरही एफआरपी वाढली, आणि निकालाचा चालू धोरणांवर परिणाम होणार नाही असं सरकारने तेव्हाच जाहीर केलं होतं. फरक पडला तो निर्यातीच्या मदतीत. निर्यात अनुदानं बंद करण्याचा निर्णय डिसेंबर 2015 मध्ये नैरोबीत झाला होता, आणि वाहतूक-विपणनाच्या नावाने विकसनशील देशांना जी सवलत उरली होती तीही 2023 अखेर संपली. जून 2022 पासून तर साखरेची निर्यात सरकारच्या परवानगीशिवाय होतच नाही. म्हणजे साखर उरली तर ती बाहेर काढायला टनामागे मदत मिळेल, हे गृहीत धरून कुणी कारखान्याचा ताळेबंद मांडत असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत त्याला हे विचारायला हवं: निर्यातीची मदत धरली नाही तर एफआरपीचे पैसे कुठून येणार?